माही मलाच दावली न्हाई

"हा पंखा बी माणसं बघून फिरतो का काय. तिकडं हवा घालतो, आन् आमच्याकडं यायच्या आधीच मान वळवतो."

जिवनबाई बाकड्यावर बसून पुटपुटत होती. कोणाला उद्देशून नाही, तोंडातल्या तोंडात. पंचफुला तिच्या पायाशी फरशी पुसत होती म्हणून तिला ऐकू आलं.

एरवी तिला हसू आलं असतं.

त्या दिवशी आलं नाही.

ही गोष्ट घडलेली आहे. कोणाच्या तरी पाहुण्याच्या शेजाऱ्याच्या बाबतीत घडलेली नाही. पंचफुला आमच्या घरातलीच बाई. तिला खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही, अकरा वर्षं तिनं त्याचाच पगार घेतला. पण हे सांगताना तिच्या हातातला चहा तसाच साय धरून राहिला होता, आणि चहा वाया घालवणारी ती बाई नव्हे.

गेल्या वर्षीचा मे महिना. गुरुवार. दुपारचे दोन.

हिंगोली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव आणि तिथला एक खाजगी दवाखाना. नाव सांगणार नाही. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुद्दाम वाचावं. बाहेर डांबराला चप्पल चिकटत होती, एवढं ऊन होतं.

पंचफुला त्या दवाखान्यातली मावशी. झाडणं, पुसणं, चादरी धुणं, सगळं तिच्याकडेच. पण तिचं खरं काम वेगळं होतं.

बाईची गर्भाची पिशवी काढली की ती स्टीलच्या ट्रेमध्ये घालायची. वर फडकं टाकायचं. बाहेर बाकड्यावरच्या नातेवाइकांपुढे न्यायची आणि फडकं उचलायचं.

"बगा, किती खराब झाली होती. बरं झालं काढली."

एवढं बोलायचं आणि आत यायचं.

डॉक्टरांच्या बोलण्यावर लोक मान हलवतात. पण विश्वास ठेवतात तो तिच्यासारखीवर. आपल्यासारखंच लुगडं नेसलेली, आपल्यासारखंच बोलणारी बाई सांगते म्हटल्यावर खरंच असणार.

हळदीचा हंगाम आटोपला की दवाखान्यात गर्दी व्हायची. हळद काढून, शिजवून, वाळवून पोती बाजारात गेली की बायका मोकळ्या होतात. मग त्यांना आठवतं की आपल्याला कंबर आहे आणि ती दुखते. अंगावरून पांढरं जातं. पोटात कळ येते. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं असतं. पण विम्याच्या कार्डात गोळ्या बसत नाहीत. ऑपरेशन बसतं.

दवाखान्याला दुसरा मजला चढला तो असाच. तिसऱ्याच्या सळया वर उभ्या होत्या.

त्या गुरुवारी यादीवर तीन नावं होती.

पहिली हट्टा गावची संगिता. दुसरी कुरुंद्याजवळच्या तांड्यावरची मिना, म्हणजे जिवनबाईची धाकटी सून.

आणि तिसरी…

करुणा. पंचफुलाची लेक. वय सव्वीस. पदरात एक पोरगी.

दोन दिवस आधी घरात यावरून वाजलं होतं.

"थांब की जरा," पंचफुला म्हणाली होती. "सरकारी दवाखान्यात दावू आधी."

"काहून? साहेबांनी मशिनीत बघून सांगितलं, पुढं कॅन्सर होतो म्हणून."

"साहेब सगळ्यांलाच सांगतात."

"आन् सगळ्यांला तूच सांगतीस, बरं झालं काढली. मी काय परकी हाय? लेकीचा नंबर आला की दवाखाना खराब झाला का, माय?"

जावई भीमराज शांत माणूस. तो म्हणाला, "मामी, तुमी तिथं अकरा वर्षं हाव. तुमी न्हाई म्हणा, आमी उद्याच्या उद्या गावाकडं जातो. फक्त काहून ते सांगा."

पंचफुलानं तोंड उघडलं.

आणि मिटलं.

कारण त्या 'काहून'च्या मागं चंदाबाई उभी होती.

"साहेबांना कळतं त्यातलं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. ती पहिली भाकर करपली.

चंदाबाई ही जिवनबाईची थोरली सून. वय एकोणतीस. तीन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात तिची पिशवी काढली. दुपारी काढली, दिवस मावळेपर्यंत रक्त थांबलं नाही, आणि ती गेली. अंगात रक्तच कमी होतं, असं दवाखान्यानं सांगितलं. तांड्यावरच्यांनी ऐकून घेतलं.

तिचा नवरा नेमसिंग शेळ्या पाळणारा. त्या दुपारी पंचफुलानं ट्रेवरचं फडकं उचललं, तेव्हा तो इतरांसारखा तोंड फिरवून उभा राहिला नाही. वाकून बघत राहिला.

"मावशी, शेळीची मी लई बगितली हाय. ही तर चांगली दिसून राहिली."

"आतून सडली होती," पंचफुला म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

पिशवी बरणीत घालून त्याच्या हाती दिली होती, नांदेडला तपासणीला न्या म्हणून. तो नांदेडला गेलाच नाही. बाळाची नाळ पुरतात, वार पुरतात, तशी त्यानं ती तांड्याच्या मागं पळसाखाली पुरून टाकली. चंदाला अग्नी दिला नदीकडं आणि पिशवी राहिली पळसाखाली.

एक बाई, दोन ठिकाणी.

त्यानंतर डॉक्टर पंचफुलाला म्हणाले होते, "मावशी, दाखवायच्या आधी ब्लेडने दोन-तीन चिरा मारत जा. वरून हे तपकिरी औषध ओता. लोक उगाच शंका काढतात."

पंचफुला तेही करू लागली. तीन वर्षं करत होती.

तर तो गुरुवार.

संगिताला आत नेलं होतं. पंचफुला थिएटरबाहेरचा बोळ पुसून वळली. पुसलेल्या फरशीवर…

ओली पावलं होती.

अनवाणी. बाईची. वॉर्डाकडून थिएटरच्या दाराकडं गेलेली.

बाहेर आलेलं एकही पाऊल नव्हतं.

"आत्ताच पुसलं होतं, कोन हो ही," म्हणत तिनं पोछा फिरवला. पोछा लाल झाला.

"मावशी," जिवनबाई बाकड्यावरून म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "आत्ता आत कोन गेली? पाठमोरी अगदी आमच्या…"

"आमच्या कोन?"

"कोनी न्हाई. म्हातारीचे डोळे." जिवनबाईनं पदर तोंडावर घेतला.

आत कोणीच गेलं नव्हतं. दाराशी पंचफुलाच उभी होती.

थिएटरमधून निलम सिस्टरनं हाक मारली. संगिताचं झालं होतं. पंचफुला ट्रे घेऊन कोपऱ्यातल्या पडद्यामागं गेली. तिथं एक टेबल, तपकिरी औषधाची बाटली, आणि धुतलेली फडकी ठेवायचा स्टीलचा डबा. वरच्या फळीवर काचेच्या बरण्या, ज्यांच्या नातेवाइकांनी न्यायचा कंटाळा केला त्यांच्या.

टक्…

डब्याचं झाकण वाजलं.

टक्… टक्…

पंचफुलानं झाकणावर हात ठेवला. आवाज थांबला. पण हाताखाली काहीतरी हळूहळू फिरत होतं. आतून कोणी बोटानं पत्रा चाचपावा तसं.

तिनं हात काढून घेतला. घाई केली. संगिताची पिशवी लहानशी, गुलाबी, निरोगी होती. सगळ्यांची असायची तशीच. तिनं ब्लेड उचललं आणि पहिली चीर मारली.

तिच्या डाव्या तळहातात आग उठली.

तिनं बघितलं. तळहात आडवा फाटला होता. डाव्या हाताला ब्लेड लागलंच नव्हतं. डावा हात टेबलाच्या कडेवर होता.

सरकलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि दुसरी चीर मारली.

तळहात दुसऱ्यांदा फाटला. पहिल्याच्या खाली, बरोबर समांतर. यावेळी आतलं पांढरं दिसलं.

पंचफुलानं ब्लेड टाकलं. हाताला फडकं गुंडाळलं, ते भिजलं, वर दुसरं गुंडाळलं. औषध ओतलं. आणि एवढं होऊनही ती ट्रे घेऊन बाहेर गेलीच. अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप चालतात.

संगिताचा नवरा हरिचंद उभा राहिला.

"बगा," पंचफुला म्हणाली, "किती खराब झाली होती."

"लईच की हो," हरिचंद म्हणाला आणि त्यानं हात जोडले. "बरं झालं बगा, टायमाला आणली."

ती वळली. तेवढ्यात अगदी कानाशी…

"मावशी. माही बगू दे."

मागं कोणीच नव्हतं. बाकड्यावर जिवनबाई पदराआड. पंखा फिरत होता.

मिनाला टेबलावर घेतलं. तिच्या मागोमाग करुणाला सलाइन लावून थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर आणून ठेवलं. डॉक्टरांना दोन ऑपरेशनांच्या मध्ये वेळ घालवलेला आवडत नसे.

"माय, हाताला काय झालं?" करुणानं विचारलं.

"काही न्हाई. पडून राह्य."

तिला त्याच वेळी बोलायचं होतं. ती थांबलीही. पण आतून डॉक्टर ओरडले, "मावशी, झोपली का?" आणि ती आत गेली.

पाठीत इंजेक्शन देऊन मिनाचं कमरेखालचं अंग बधिर केलेलं होतं. म्हणजे ती जागी होती. गळ्यापाशी आडवा हिरवा पडदा लावलेला, तिला तिचं पोट दिसू नये म्हणून. पंचफुला तिच्या डोक्याशी उभी राहिली.

डॉक्टरांनी पोट उघडलं. एसीची घरघर, यंत्राची टुक टुक, कात्रीचा आवाज.

मग कात्रीचा आवाज थांबला.

"अरे?" डॉक्टर म्हणाले.

निलम सिस्टर वाकली आणि तशीच मागं सरली.

"हिचं आधी ऑपरेशन झालंय? फाइलमध्ये का नाही लिहिलं?"

"न्हाई हो साहेब. दोन लेकरं झाली, बस. सोनोग्राफी तुमीच केली परवा," पंचफुला म्हणाली.

"मग पिशवी कुठे आहे?"

 मिनाच्या पोटात, जिथं पिशवी असायला हवी तिथं, काहीही नव्हतं. नुसती काळी पोकळी. टेबलाच्या जाडीपेक्षा खोल.

"मावशी," मिना झोपाळलेल्या आवाजात म्हणाली. "माझ्या पोटात कोन बोलून राहिलं?"

भूलवाल्या डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

साहेब तसे हट्टी. त्यांनी हात आत घातला. मनगटापर्यंत. अजून थोडा. तोंडानं काहीतरी पुटपुटत ते चाचपत होते, आणि चाचपता चाचपता…

त्यांचा चेहरा बदलला.

"सोड," ते म्हणाले.

कोणाला म्हणाले ते कोणालाच कळलं नाही.

"सोड म्हणतो ना."

त्यांनी हात ओढला. तो आला नाही. उलट ते पुढं खेचले गेले, छाती टेबलावर आदळली, आणि हात कोपरापर्यंत आत गेला. मग आवाज आला. कडकडीत वाळलेली हळद मोडताना होतो तसा. एक. मग दुसरा. एकेक बोट, सावकाश. साहेबांनी जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानंही ऐकली.

रक्त उडालं. सगळं साहेबांचं. मिनाचा एक थेंब नव्हता. यंत्र टुक टुक करतच होतं, जसं काही घडतच नव्हतं.

भूलवाले डॉक्टर दार ढकलून पळाले. निलम ट्रॉलीखाली शिरली. आणि फळीवरच्या बरण्या फुटायला लागल्या. एकामागून एक, आतून कोणी बुक्की मारावी तशा. औषधाचा उग्र वास नाकात भरला. काचा साहेबांच्या गालात घुसल्या, एक डोळ्यात गेली. ते दुसऱ्या हातानं टेबलाला रेटत होते, पाय फरशीवर घसरत होते, आणि प्रत्येक वेळी जितके मागं यायचे, त्याच्या दुप्पट आत ओढले जायचे. खांद्याचा सांधा निखळला तो आवाज पंचफुलाच्या अजून कानात आहे.

तिच्या हातून काहीच झालं नाही. ती मिनाचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी होती.

मग सगळं थांबलं.

एसी बंद. यंत्र बंद. साहेबांचं तोंड नुसतं उघडं, आवाज नाही.

आणि हिरव्या पडद्याच्या पलीकडून, कोणी दमून बसल्यासारखं बोललं…

"सगळ्यांला दावली, मावशी. नवऱ्याला दावली. सासूला दावली. माही मलाच दावली न्हाई."

हात सुटला.

साहेब मागं भिंतीवर जाऊन पडले. हात कोपराखाली लोंबत होता, कातड्यानं धरलेला. पंचफुलानं पडदा बाजूला केला.

मिनाच्या पोटावर जखम नव्हती. चीर नव्हती. चिरण्याआधी पेनानं ओढलेली निळी रेघ तेवढी होती.

आणि स्टँडवरचा ट्रे, जो तिनं स्वतः धुऊन रिकामा ठेवला होता…

रिकामा नव्हता.

आत एक पिशवी होती. गुलाबी, ताजी. तिला काळी माती चिकटलेली होती, आणि एक बारीक मुळी तिच्याभोवती गुंडाळलेली होती. तिच्यावर ब्लेडची चीर नव्हती. चिरा मारायला सुरुवात व्हायच्या आधीची होती ती.

पंचफुलानं ओळखली.

नंतर कागदावर काय लिहिलं गेलं तेही सांगायला हवं. वरचा जड दिवा निसटून हातावर पडला, असं लिहिलं. दिवा आजही जागेवर आहे. साहेबांचा हात नांदेडला कोपराखाली काढला, एक डोळा गेला. निलम सिस्टर आता कापडाच्या दुकानात आहे आणि या विषयावर बोलत नाही. मिनाला विचारलं तर ती म्हणते, "मला काही तकलीफ झाली न्हाई. कोनीतरी बाई पोटावर हात ठेवून बसली होती, तेवढं आठवतं."

दवाखाना बंद पडला असेल, असं वाटत असेल तर नाही. नवा डॉक्टर आला, नवी पाटी लागली, गुरुवारी यादी लागते.

पंचफुलाच्या घरात आता झाकणाचं एकही भांडं नाही. तळहातावर दोन समांतर वण आहेत. टाके न घालता एवढ्या खोल जखमा आठ दिवसांत भरल्या कशा, हे सरकारी डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. तिच्या तोंडून हे ऐकल्यापासून घरातल्या आम्हा बायकांनाही डब्यातून साखर काढताना आधी कान द्यायची खोड लागली आहे. वेडेपणा आहे, कळतं. तरी देतो.

पण त्या दुपारचं शेवटचं राहिलं.

पंचफुलानं ट्रे उचलला. ब्लेड टेबलावरच होतं, औषधाची बाटलीही फुटली नव्हती. तिनं फडकं झाकलं आणि बाहेर आली. दाराशी करुणा स्ट्रेचरवर उठून बसली होती, पांढरीफटक.

"माय, आत काय झालं? साहेब काहून ओरडले?"

पंचफुलानं ट्रे एका हातात धरला आणि दुसऱ्या, फडकं गुंडाळलेल्या हातानं लेकीच्या सलाइनची सुई ओढून काढली.

"माय, माझा नंबर…"

"तुला नंबर न्हाई. उठ. पोरीला घे."

बाकड्याजवळ सगळे उभे राहिले होते. हरिचंद, पोरीला कडेवर घेतलेला भीमराज, आणखी चार-पाच जण. आतल्या किंकाळीबद्दल कोणी विचारत नव्हतं. सगळे ट्रेकडं बघत होते. तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य आलं असतं तर सगळे सुखानं खाली बसले असते, हे तिला दिसत होतं.

जिवनबाई पुढं झाली. हातातला पदर चुरगळत म्हणाली, "मिनाची काढली का? लईच खराब झाली असंल, न्हाई?"

"मिनाची न्हाई. मिनाच्या अंगाला हात लागला न्हाई. ती ठीक हाय."

"मंग ही कोनाची?"

पंचफुलानं फडकं उचललं.

जिवनबाई वाकली. मातीकडं बघितलं. मुळीकडं बघितलं. तिचा हात ट्रेच्या कडेवर येऊन थांबला, आणि तिथून हलेना. पळसाखाली नेमसिंगनं खड्डा केला तेव्हा माती लोटायला तीच होती.

"मामी," भीमराज हळूच म्हणाला. "काय हाय हे?"

पंचफुलानं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं ट्रे जिवनबाईच्या अजून जवळ धरला.

"नीट बगा, जिवनबाई. कुठं सडली हाय ती मला दावा."

म्हातारी ट्रेवर आणखी वाकली.

"मी इथं अकरा वर्षं ट्रे दावला. चांगल्या पिशव्या खराब म्हणून दावल्या, हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या. तुमच्या चंदाची बी चांगलीच होती, बाई. तिला काहीच झालं नव्हतं."